उन्हाची शेगडी

सोयगाव हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेकडील पायथ्याचा तालुका. मार्गशीर्ष-पौषात येथील अंगणे सकाळी नऊ-दहापासूनच उन्हाने भरून जातात. परंतु जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात गारवा दुपारपर्यंत रेंगाळतो. अशा वेळी वृद्धांच्या, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते आणि ऊब टिकावी म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. निद्रिस्त मनुष्यास तो जागे होण्याची संधीही देत नाही. अंगणातील ऊन घरात आणण्याचा विचार केवळ हौसेचा नाही, तो या कारणास्तव.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये भिंतीवर बसविण्याच्या अशा सौर वायुतापकाचे एकस्व घेतले. फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स ट्रोम्ब यांनी १९६७ मध्ये काचेआडच्या काळ्या भिंतीने घर उबदार ठेवून दाखविले. लडाखमधील अनेक घरांत आज ती भिंत आढळते.

गावच्या सुतारास जमेल अशी ही रचना आहे. सुमारे दोन मीटर उंच, एक मीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर खोल अशी लाकडी पेटी करावी. पाठीच्या फळीवर काथ्याचा किंवा ग्लासवूलचा थर द्यावा. थर्माकोल तापलेल्या पत्र्यालगत वितळतो, तो टाळावा. त्यापुढे हवेसाठी चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडून पन्हळी पत्रा बसवावा व त्यास चकाकी नसलेला काळा रंग द्यावा. चकाकणारा रंग ऊन परत फेकतो. पत्र्यापुढे दोन-तीन सेंटिमीटरवर काच. काच ऊन आत सोडते, तापलेल्या पत्र्याची उष्णता मात्र सहजी बाहेर जाऊ देत नाही. भिंतीस तळाशी एक व वर एक अशी दोन भोके पाडून ती पेटीस जोडली की, खोलीतील थंड हवा खालून शिरते, पत्र्यामागे तापते व वरच्या भोकातून खोलीत परतते. पंखा लागत नाही. फटी मात्र लांबीने काटेकोरपणे बुजवाव्यात. असे उपकरण निकामी ठरते ते बहुधा येथेच. रंगविलेली पेटी प्रथम काही दिवस उन्हात तापू द्यावी, म्हणजे रंगाचा उग्र दर्प घरात येणार नाही.

पेटी दक्षिणेच्या भिंतीवर उभीच बसवावी. डिसेंबरच्या अखेरीस सोयगावी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो व दक्षिण भिंतीस भरपूर ऊन मिळते. मेच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास तोच सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्यापुढे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडेच असतो. त्या काळात ही भिंत जवळजवळ कोरडीच राहते. म्हणजे हिवाळ्यात हवी तेव्हा ऊब मिळते व उन्हाळ्यात नको तेव्हा पेटी आपोआप निवते. तरीही झाकण लावून ठेवणे बरे.

अपेक्षा मात्र माफक असाव्यात. निरभ्र दुपारी अशा दोन चौरस मीटरच्या पेटीतून सुमारे अर्धा किलोवॅट उष्णता मिळू शकते, म्हणजे विजेच्या लहान हीटरच्या निम्मी. सूर्य मावळला की पेटी निरुपयोगी. दिवसभर तापलेल्या जाड भिंती संध्याकाळनंतर काही वेळ ऊब धरून ठेवतात. पत्र्याच्या छपराचे घर ती लगेच गमावते. तेव्हा अशा घरी आधी छताखाली आच्छादन घालावे, पेटीचा विचार नंतर. रात्री प्रवाह उलटा फिरून घरातील ऊब बाहेर जाऊ नये, यासाठी वरच्या भोकावर पातळ प्लास्टिकची पडदी अशी लावावी की, ती खोलीच्या बाजूसच उघडेल. कडाक्याच्या रात्री शेगडी पेटवावीच लागली, तर खिडकी थोडी उघडी हवी आणि झोपण्यापूर्वी निखारे बाहेर गेलेच पाहिजेत. त्यास ही पेटी पर्याय नाही.

उन्हाचा असा उपयोग या जिल्ह्यास अपरिचित नाही. एस फोर एस टेक्नॉलॉजीजच्या सौर वाळवणी यंत्रांवर येथील शेतकरी महिला भाजीपाला वाळवितात; २०२३ मध्ये त्या कार्यास अर्थशॉट पुरस्कार लाभला. तेथे उन्हाने माल वाळतो, येथे खोली तापते. काळा पृष्ठभाग दोन्हीकडे सारखाच.

ग्रामपंचायतीने पहिली पेटी अंगणवाडीच्या दक्षिण भिंतीवर बसवून पाहावी. तेथे मुले दिवसाच असतात, आणि ऊनही दिवसाच असते. काच मुलांच्या हाताबाहेर राहील इतक्या उंचीवर असावी, भोकांना उंदीर-डासांसाठी बारीक जाळी असावी, आणि काचेवरील धूळ दर आठवड्यास ओल्या फडक्याने पुसावी.