यंत्र कुणाचे, परवानगी कुणाची?



टॅब्लेटवर बोटाने पानभर मराठी लिहिणे त्रासाचे. हाताला कंप असेल तर बारीक बटणे दाबणेही कठीण. अशा वेळी लॅपटॉपच्या कीबोर्ड-माउसने टॅब्लेट चालवता येतो. अँड्रॉइडसाठी जेनीमोबाइल या फ्रेंच कंपनीने २०१८ साली ‘स्क्रीन कॉपी’ (नाव एस-सी-आर-सी-पी-वाय असे लिहितात) हा मुक्त प्रोग्राम दिला. तो फुकट आहे. खाते नको, इंटरनेटही नको.

सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करून केबल जोडायची. मग टॅब्लेट विचारतो, या संगणकाला परवानगी द्यायची का? ‘हो’ म्हटले, लॅपटॉपवर प्रोग्राम सुरू केला, की टॅब्लेटचा पडदा तिथे दिसतो आणि माउसची टिचकी टॅब्लेटवर उमटते.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. उत्तर टॅब्लेटवरच द्यावे लागते. त्यामुळे पडदा फुटल्यावर ही सोय सुरू करू म्हटले तर बहुधा जमत नाही. पण हीच अडचण चोरालाही अडवते. म्हणून फोनवरचे भामटे कुलूप फोडत बसत नाहीत. ‘बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप घ्या’ म्हणत ते आपल्याकडूनच ‘हो’ वदवून घेतात. भारतातल्या आईवडिलांना अ‍ॅप शिकवण्याआधी ‘नाही’ म्हणायला शिकवू या.

काम संपले की डिबगिंग बंद करा, दिलेल्या परवानग्या रद्द करा. संमती मागे घेता येत नसेल, तर ती संमती कसली?