जाणारीला वाट द्या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)

जेवणाची वेळ झालीय, म्हणून थोडक्यात बोलते.

आपल्या गावांवरून लष्कराचं हेलिकॉप्टर जातं. आवाज आला की पोरं अंगणात पळतात. नाशिक रोडला गांधीनगरच्या विमानतळावर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे. सियाचिनसारख्या बर्फातल्या चौकीवर सामान पोचवायचं, जखमी जवानाला खाली आणायचं, अशी कामं करणारे वैमानिक इथे शिकतात. २५ मे २०२२ ला याच शाळेतून हरियाणाच्या कॅप्टन अभिलाषा बराक वैमानिक होऊन बाहेर पडल्या. लष्कराच्या हवाई शाखेतल्या, म्हणजे आर्मी एव्हिएशनमधल्या, त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक.

हवाई दल वेगळं, ही शाखा वेगळी. हवाई दलात बायका १९९०च्या दशकापासून हेलिकॉप्टर चालवतात. लष्कराची ही शाखा १९८६ साली स्वतंत्र झाली, पण तिथे बायकांना अनेक वर्षं जमिनीवरचीच कामं होती.

बराक मॅडम २०१८ मध्ये अधिकारी झाल्या आणि आर्मी एअर डिफेन्स या शाखेत काम करू लागल्या. शत्रूचं विमान जमिनीवरून पाडायचं, हे त्या शाखेचं काम. पण मन उडण्यात. त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं, की हवाई शाखेची पसंती देताना आपल्याला जमिनीवरचंच काम मिळणार हे ठाऊक होतं, तरी वैमानिकाची चाचणी पास असल्याचं त्यांनी अर्जात लिहून ठेवलं. पुढे २०२१ मध्ये लष्कराने दार उघडलं. १५ महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली, चाचणी आणि वैद्यकीय तपासणीनंतर दोघींची निवड झाली. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. बाकी १३ जणींची निवड झाली नाही, पण म्हणून त्यांचा हुद्दा काही गेला नाही.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका. एका शाखेतून दुसरीत जायचं तर अर्ज आपल्या वरिष्ठाच्या हातून जातो. त्याने शिफारस करावी लागते. म्हणजे दारं दोन. एक घेणाऱ्याचं, एक सोडणाऱ्याचं. चांगलं माणूस हातचं जाऊ नये असं कुठल्याही वरिष्ठाला वाटणारच. तरी तो सही करतो, तेव्हाच माणूस पुढे जातं.

हे मी का सांगतेय? कारण सोडणाऱ्याचं दार मी एकदा बंद ठेवलंय.

आपल्यातल्याच एक ताई सहा वर्षं गटाचं दप्तर लिहीत होत्या. हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण त्यांचा जीव शेळ्यांत. करडू आजारी पडलं की सगळी वाडी त्यांनाच हाक मारायची. लसीकरणाचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं होतं. पशुसखीची जागा निघाली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मी अर्ज करू का?" मी म्हणाले, "ताई, दप्तर इतकं छान चाललंय, कशाला बदलता?" त्या गप्प बसल्या. अर्ज केलाच नाही. जागा दुसरीकडे गेली.

मी समाजकार्य शिकून आलेली मुलगी. बाईने पुढे जावं म्हणून सभा घेते. आणि तेव्हा विचार कसला केला, तर ऑडिट आलं की दप्तर कोण दाखवणार! त्या ताई आजही तेवढ्याच मायेने मला चहा देतात. तो चहा मला जड जातो.

म्हणून दोन कामं मागते. पहिलं, पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने वहीत एक पान काढायचं. कोणी कुठलं प्रशिक्षण घेतलं, कोणाला काय येतं, ते तारखेसह लिहायचं. सध्या त्याचा उपयोग नसला तरी लिहायचं. अर्जात रकाना नसेल तर खाली लिहायचं. "आपण काय लिहायचं त्यात" हे बोलणं बंद.

दुसरं, दप्तर लिहिणारीच्या हाताखाली आत्तापासून दुसरी एक बसवायची. म्हणजे पहिलीला जायचं झालं तर गट अडणार नाही, आणि गट अडेल म्हणून तीही अडणार नाही.

त्या ताई आज इथे बसल्यात. नाव घेत नाही, नाहीतर रागावतील. ताई, माझं चुकलं. पुन्हा जागा निघाली की अर्ज घेऊन या. शिफारस मी लिहीन. आणि दप्तराचं काय ते आम्ही बघू.

जय हिंद, जय महाराष्ट्र.