पहिले वर्ष सांभाळा



आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. त्यापूर्वी आपल्याकडील मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. 1963 मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय उभे राहिले. आज पडेगावचे मूल सकाळी कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी येते. अंतर मिटले, पहिल्या वर्षाची धास्ती मात्र मिटलेली नाही.

शाळेत उर्दू किंवा मराठीतून शिकलेला हुशार मुलगा इंग्रजी व्याख्यान ऐकून गप्प होतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, भाषा बदललेली असते. विद्यार्थ्यांनो, रोज दहा नवे शब्द वहीत उतरवा. न समजलेले तास संपताच प्राध्यापकांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही; न विचारता मागच्या बाकावर बसून राहण्यात नुकसान आहे.

पालकहो, एखादा विषय राहिला म्हणून मुलाला दुकानावर बसवू नका, मुलीच्या लग्नाची घाई करू नका. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. सुटलेले शिक्षण सहसा पुन्हा हाती लागत नाही.