म्हातारपणाची सावली



मी सातवी शिकलेली. भाषण करणे मला येत नाही; पण घरची एक गोष्ट सांगावयाची आहे.

माझ्या सासूबाई रानाकाठच्या खेड्यातल्या. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचावयाची, नंतर सरपण आणावयाचे, असा त्यांचा जन्म गेला. आम्ही कुरखेड्यास राहावयास आलो, तेव्हा मी काळजीपोटी म्हणू लागले, "बाहेर जाऊ नका, पडाल. घरीच बसा." दोन वर्षांत त्यांचे पाय आखडले, झोप गेली, बोलणेही कमी झाले. चूक माझीच होती.

एका सकाळी मी त्यांना हात धरून जवळच्या कडुलिंबाखाली नेले. खोडाला हात लावून त्या म्हणाल्या, "किती दिवसांनं वारा लागला गं बाई!" आता त्या रोज जातात. आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या येतात. गुडघे दुखतातच, पण सुखदुःख बोलावयास माणूस मिळते.

कोणी म्हणेल, आपल्याभोवती एवढे जंगल असता झाडांचे कौतुक कशाला? पण म्हाताऱ्या माणसाला जंगल दूरच. वाघाची भीती आहे, २०२१ पासून हत्तीही या भागात आले आहेत. तिला सावली हवी ती घराजवळ, चार पावलांवर.

हे केवळ माझेच म्हणणे नव्हे. जपानात टोकियो शहरातील तीन हजारांवर वृद्धांची पाच वर्षे पाहणी झाली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. घराजवळ फिरावयास झाडांची जागा होती, त्यांच्यात जगणारे अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की पासष्टीनंतर, झेपेल तसे, आठवड्यास निदान १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम करावे आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही करावे.

मुंबई-पुण्यास आजी-आजोबांसाठी बागा आहेत. आपल्याला मोठी बाग नको. प्रत्येक वस्तीत एक सावलीचे झाड, त्याखाली पाठ टेकेल व उठताना हात धरता येईल असे बाक, आणि तेथवर ठेच न लागणारी वाट, एवढे पुरे. नगरपंचायतीकडे आपण मिळून अर्ज करू. रोपे मात्र आपणच लावू, उन्हाळ्यात पाणीही आपणच घालू.

तोवर उद्या सकाळी आपापल्या घरच्या म्हातारीला एवढेच विचारा, "चला, बाहेर बसता का?"

आज आपण त्यांच्यासाठी झाड लावू. उद्या त्याच सावलीत आपल्यालाही बसावयाचे आहे.