आत्याचा रिपोर्ट, पप्पांचा पीएसए

मागून हॉर्न ऐकू येत असतील तर सॉरी. मी द्वारका सर्कलजवळ राहतो, आणि आग्रा हायवे आणि पुणे रोड जिथे भेटतात तिथे शांतता मिळायची तर रात्री दोननंतरच. आज कोडिंगचं काही नाही. घरातली गोष्ट आहे, पप्पांना विचारूनच सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी आत्याला ब्रेस्ट कॅन्सर झाला. डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट करायला लावली. रिपोर्टमध्ये आलं, बीआरसीए-टू जीनमध्ये दोष आहे. काउन्सेलर मॅडमनी विचारलं, "भाऊ आहे का? मग त्यांनाही पाठवा." घरी हे कळल्यावर पप्पा म्हणाले, "हा बायकांचा आजार. मी कशाला जाऊ?"

मलाही तसंच वाटायचं. २०१३ मध्ये अँजेलिना जोलीची बातमी आली आणि बीआरसीए म्हणजे बायकांचं काहीतरी, हे डोक्यात बसलं. पण बीआरसीए-टू हा जीन तेराव्या क्रोमोझोमवर असतो. त्याचा बाई-पुरुष असण्याशी संबंध नाही. आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. हा जीन डीएनएची तुटफूट दुरुस्त करतो. तो बिघडला की पुरुषांमध्ये मुख्यतः प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी.

मग मी वाचत बसलो. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या रॉस ईल्स यांनी 'इम्पॅक्ट' नावाचा मोठा अभ्यास चालवलाय. ४० ते ६९ वयाचे पुरुष, काही दोष असलेले, काही नसलेले. दरवर्षी पीएसएची रक्ततपासणी, आणि आकडा ३ च्या वर गेला की बायोप्सीचा सल्ला. २०१९ मध्ये तीन वर्षांच्या तपासणीचे निकाल आले. बीआरसीए-टूचा दोष असलेल्यांमध्ये कॅन्सर जास्त सापडले, तेही लवकर, सरासरी ६१ व्या वर्षी. दोष नसलेल्यांमध्ये ६४. आणि सापडलेल्यांपैकी ७७ टक्के गंभीर प्रकारचे होते, दुसऱ्या गटात ४० टक्के. मला हा शेवटचा आकडा लागला.

आता पीएसए म्हणजे आपल्या सर्व्हरच्या अलर्टसारखं प्रकरण आहे. अलर्ट वाजला म्हणजे सर्व्हर पडलाच असं नाही. ग्रंथी वयानुसार सुजली, इन्फेक्शन झालं, तरी आकडा चढतो. म्हणूनच सरसकट सगळ्यांची तपासणी करावी का, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत. हळू वाढणारा, कधीच त्रास न देणारा कॅन्सर सापडतो आणि माणूस उगाच ऑपरेशनला जातो. पण ज्याच्या घराण्यात हा दोष आहे त्याचं गणित वेगळं.

हे सगळं मी पप्पांना स्लाइड करून दाखवलं. (हसू नका.) काही उपयोग झाला नाही. आजीचं वेगळंच, "पोरीचं लग्न ठरायचंय, रक्तातलं काही बाहेर बोलू नका." आठ महिने असेच गेले.

शेवटी भाऊबीजेला आत्याने ओवाळलं, पप्पांनी पाकीट काढलं, आणि ती म्हणाली, "दादा, पाकीट नको. टेस्ट करून ये." केमोनंतर तिचे केस नुकते कुठे यायला लागले होते. पप्पा काही बोलले नाहीत. सोमवारी दुकान बंद ठेवून गेले.

एक कामाची गोष्ट सांगतो. घरात एकाचा दोष नेमका सापडला असेल तर बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासतात, अख्खी टेस्ट करावी लागत नाही. म्हणून आत्याच्या रिपोर्टची कॉपी सोबत न्यायची.

पप्पांमध्ये दोष निघाला. पीएसए आला ३.६. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, औषध दिलं. दोन महिन्यांनी आकडा २.१. बायोप्सी टळली. आता दरवर्षी तपासणी, आणि आकडा पुन्हा चढला तर आधी एमआरआय, असं ठरलंय.

आता आम्ही दोघं भावंडं. मी अठ्ठावीसचा. माझ्यात दोष निघाला तरी पीएसए चाळिशीपासून, म्हणजे माझ्याकडे वेळ आहे. ताई म्हणा, छोटी म्हणा, आमची सव्वीसची आहे, तिच्याकडे तेवढा नाही. दोष असलेल्या मुलींना पंचविशीपासूनच ब्रेस्ट एमआरआय सांगतात. म्हणजे लग्नासाठी गप्प बसायचं, तर नेमकं जिला लवकर कळायला हवं तिच्याचपासून लपवायचं. तिला मी सगळं सांगितलं. ती आजीला म्हणाली, "मुलाला मीच सांगेन. पळाला तर पळाला."

येत्या गुरुवारी आम्ही दोघं ब्लड द्यायला जातोय. पप्पा म्हणाले गाडी मी चालवतो, तुम्हाला द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये कळत नाही काही.

पुढच्या भागात परत कोडिंग. तुमच्या घरात असं काही असेल तर कॅन्सर हॉस्पिटलच्या जेनेटिक क्लिनिकमध्ये आधी काउन्सेलरशी बोला, खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्येही असं क्लिनिक आहे. चला, भेटू.