रांगेतली जागा विकत घेता येते काय?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी निवडलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मोठ्या शहरांजवळच्या मनोरंजन उद्यानांत, म्हणजे ज्यांना थीम पार्क म्हणतात तेथे, जास्त पैसे भरले की रांगेत पुढे जाण्याचा पास मिळतो. हा पास न्याय्य आहे काय, असा माझा प्रश्न आहे. सोयाबीनचा भाव, रखडलेली नोकरभरती, वेळेवर न मिळणारी शिष्यवृत्ती असे प्रश्न समोर असताना या खेळण्या-पाळण्यांचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न उद्यानाच्या फाटकापाशी थांबत नाही. तो रेल्वेच्या खिडकीपर्यंत, देवळाच्या दारापर्यंत आणि कॉलेजच्या प्रवेशापर्यंत जातो. म्हणून त्याचा मुळापासून विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम रांग म्हणजे काय ते पाहू. मी बँकेत कारकून आहे. माझा निम्मा जन्म काउंटरच्या आतून रांग पाहण्यात गेला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतरचे दिवस आपणा सर्वांना आठवत असतील. पहाटेपासून लोक बँकेपुढे येत. कोणी चप्पल ठेवून, कोणी पिशवी ठेवून, कोणी दगड मांडून नंबर लावीत. त्या रांगेत मी एक गोष्ट बारकाईने पाहिली. एखादी गरोदर बाई आली, काठी टेकत एखादे आजोबा आले, तर लोक आपण होऊन सांगत, “यांना आधी जाऊ द्या.” तेथे कोणी कुरकुर केली नाही. पण कोणी ओळखीने मागच्या दाराने आत शिरतो आहे असा नुसता संशय आला, तरी सारी रांग खवळून उठे. शिकलेला असो की अंगठा लावणारा, न्याय आणि अन्याय यांतला फरक प्रत्येकाला कळत होता. गरज पाहून जागा देणे वेगळे आणि वजन वापरून जागा घेणे वेगळे, हे त्या माणसांना कोणी शिकवले नव्हते.

आता उद्यानाकडे वळू. माझ्या वयाच्या लोकांना मुंबईचे एस्सेल वर्ल्ड आठवत असेल. ते १९८९ साली गोराईला सुरू झाले आणि २०२२ साली बंद झाले. पुढे २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीला इमॅजिका सुरू झाले. तेथे साध्या तिकिटाखेरीज जास्त किमतीचे एक्सप्रेस तिकीटही निघाले. बंगळूर, हैदराबाद, कोची येथील वंडरला उद्यानांत याच सोयीला फास्टट्रॅक म्हणतात. ही रीत परदेशातून आली आहे. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली फास्टपास सुरू झाला, तेव्हा तो फुकट होता. फाटकाचे तिकीट काढलेल्या कोणालाही यंत्रातून वेळेची चिठ्ठी घेता येई आणि त्या वेळी येऊन पाळण्यात बसता येई. २०२० च्या महासाथीत ती सोय थांबली. २०२१ साली तिच्या जागी आली ती पैसे घेऊन. जी व्यवस्था गर्दी सारखी वाटून देण्यासाठी काढली, तीच पुढे विक्रीचा माल झाली.

आमच्या भागातली एक नववीची मुलगी शाळेच्या सहलीबरोबर अशाच एका उद्यानात जाऊन आली. तिने मला विचारले, “काका, आमच्या मागून आलेले लोक आमच्या आधी पाळण्यात कसे बसले? सर म्हणाले त्यांच्याजवळ पास होता. पण पैसे तर आम्हीपण भरले होते ना?” मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर “त्यांनी जास्त भरले” एवढ्यावर संपते काय? आपण थोडा हिशेब करून पाहू. हिशेब हे माझ्या पोटापाण्याचेच काम आहे.

समजा, एका पाळण्यात २४ जण बसतात आणि एका फेरीला चढणे-उतरणे धरून तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासात २० फेऱ्या आणि ४८० माणसे. रांगेत ४८० व्या नंबरावर उभ्या असलेल्या मुलीचा नंबर एका तासात लागायला हवा. आता प्रत्येक फेरीतल्या सहा जागा पासवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला १८ उरल्या. त्याच मुलीला आता एक तास वीस मिनिटे उभे राहावे लागेल. पाळणा मोठा झाला नाही, त्याचा वेग वाढला नाही, एक खुर्चीसुद्धा नवी आली नाही. मग पासवाल्याचा जो वेळ वाचला तो आला कोठून? तो त्या मुलीच्या वीस मिनिटांतून आला. वेळ तिचा गेला आणि पैसे मात्र मालकाला मिळाले. जी वस्तू आपली नाही ती विकणे याला व्यवहारात काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, रेल्वेत एसीचे तिकीट महाग असते, ते तुम्ही चालवून घेता, मग पासनेच काय घोडे मारले? याचे उत्तर सरळ आहे. वाशिमहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत एसीचा प्रवासी गारव्यात बसतो आणि जनरल डब्यातला उकाड्यात उभा राहतो. पण दोघेही अकोल्याला एकाच वेळी पोचतात. एकाच्या गादीमुळे दुसऱ्याची गाडी उशिरा जात नाही. पासचे तसे नाही. तेथे एकाचे लवकर होणे म्हणजेच दुसऱ्याचे उशिरा होणे.

दुसरा आक्षेप असा की, श्रीमंतांकडून जास्त घेतल्यामुळेच गरिबांचे तिकीट स्वस्त ठेवता येते. हे काही ठिकाणी खरे असू शकेल. तसे असेल तर मालकाने ते उघड सांगावे आणि साध्या तिकिटाच्या दरात ते दिसावे. पण यात एक धोका आहे. साधी रांग जितकी लांब, तितका पास जास्त खपणार. म्हणजे ज्याने रांग लहान करायची, त्याचाच फायदा ती लांब राहण्यात होतो. बँकेत गर्दी वाढली तर आम्ही दुसरी खिडकी उघडतो. गर्दीवरच कमाई होऊ लागली, तर ती दुसरी खिडकी कोण उघडील?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक मनोरंजनाची ठिकाणेही स्पष्ट नमूद आहेत. तेथे धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या पाच कारणांवरून कोणालाही अडवता येत नाही. त्याच खंडात विहिरी आणि तलावही आहेत. ते तेथे कसे आले याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयात अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव कागदावर होता, पण पाण्यापर्यंतची वाट बंद होती.

त्या पाच कारणांत पैसा नाही. म्हणून मनोरंजन उद्यानाचा पास त्या कलमाखाली बेकायदा ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पैशाने होणारा भेद कायद्याने सगळीकडे मिटवता येणार नाही. पण बेकायदा नाही म्हणून ते न्याय्य झाले, असेही नाही. देवळांतील सशुल्क दर्शनाचेच पाहा. त्र्यंबकेश्वर, शिर्डी येथे पैसे भरून वेगळ्या रांगेने दर्शन घेता येते. असे शुल्क घेण्याविरुद्धची एक याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. विशेष वागणूक असू नये असे मत न्यायालयाने व्यक्त केले, पण आदेश देण्यास नकार देऊन हा विषय व्यवस्थापनावर आणि समाजावर सोपवला. समाजावर म्हणजे कोणावर? तुमच्या-माझ्यावर.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटाकडेही याच नजरेने पाहता येईल. ही सोय १९९७ साली निघाली. घरी कोणी गेले, कोणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे आहे, अशा माणसाला साठ दिवस आधी तिकीट कसे काढता येणार? त्याच्यासाठी काही जागा आधीच बाजूला ठेवल्या. स्लीपरला मूळ भाड्याच्या दहा टक्के जादा, तेही कमीत कमी शंभर आणि जास्तीत जास्त दोनशे रुपये, अशी मर्यादा घातली. कन्फर्म तिकीट रद्द केले तर परतावा नाही, म्हणजे गरज नसणाऱ्याने घेऊ नये. या नियमांमागे गरजेचा विचार दिसतो. पण २०१४ साली प्रीमियम तत्काळ आले. त्यात मागणी वाढेल तसे भाडे चढते. तेथे गरज मागे पडते आणि खिसा पुढे जातो. नाव तेच, खिडकीही तीच, पण न्याय बदलला.

विद्यार्थी मित्रहो, यापुढचे विशेष लक्ष देऊन ऐका, कारण ते तुम्हाला ऐकवले जाते. “तुम्ही आरक्षणाने आलात, म्हणजे रांग मोडून पुढे आलात,” असे कोणी म्हणाले की आपली मुले मान खाली घालतात. मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही. पास घेणारा माणूस रांगेत उभा राहू शकत होता, त्याला थांबायचे नव्हते एवढेच. आरक्षण त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या आज्या-पणज्यांना रांगेतच उभे राहू दिले नाही, शाळेच्या ओट्याखाली बसवले, पाणवठ्यावरून हाकलले. पास पैशाने मिळतो, आरक्षण संविधानाने दिले आहे. पासमागे कसलीही झीज भरून काढायची नसते, आरक्षण हीच झालेल्या झीजेची भरपाई आहे. नोटाबंदीच्या रांगेतल्या साध्या माणसांना जो फरक कळत होता, तोच हा फरक आहे.

शिक्षणात पैशाचा पास खरोखर कोठे आहे, ते पाहायचे असेल तर डोनेशनकडे पाहा. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजे निघाली आणि डोनेशन हा शब्द घरोघरी पोचला. १९८७ साली कॅपिटेशन फी बंद करणारा राज्याचा कायदा झाला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी व्यवस्था घालून दिली, आणि ती २००२ साली मोडली. २००५ च्या निकालाने पंधरा टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांच्या कोट्यातून, जादा शुल्क घेऊन, भरता येतात. कमी गुण असूनही पैशाच्या जोरावर जो आत गेला, त्याला कोणी “रांग मोडलीस” म्हणत नाही. त्याच्या वडिलांनी सोय केली, असे म्हणतात. हा दुटप्पीपणा तुम्ही ओळखा, आणि कोणी टोमणा मारला तर चिडून न जाता हा हिशेब शांतपणे मांडा.

मग सगळे पास बंद करा, असे माझे म्हणणे आहे काय? नाही. मला एवढेच वाटते की, प्रत्येक ठिकाणी आपण चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू हौसेची आहे की गरजेची? पुढे जाणाऱ्यासाठी जागा नवी केली, की मागच्याची काढून घेतली? तिकीट काढण्यापूर्वी सर्वांना ते सांगितले होते काय? आणि आलेला पैसा कोठे गेला? हौसेच्या ठिकाणी पास असला, तर त्याच्या जागांना मर्यादा असावी आणि किती वेळ थांबावे लागेल ते साध्या तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेले असावे. दवाखाना, शिक्षण, रेशन, पाणी आणि सरकारी दाखले यांच्या रांगेत मात्र पैशाचा पास एक दिवसही असता कामा नये. तेथे पुढे जाण्याचा हक्क फक्त गरजेचा.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात आपण समता स्वीकारतो आहोत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच आहे, आणि ही विसंगती फार काळ चालू देणे घातक आहे. मतदानाच्या रांगेत आजही एक्सप्रेस पास मिळत नाही. कारखानदार आणि त्याच्या दारावरचा पहारेकरी एकामागे एक उभे राहतात. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर दूरदूरच्या गावांहून आलेली लाखो माणसे रात्र-रात्र रांगेत थांबतात. तेथे तिकीट लावावे असे कोणाच्या मनातही येत नाही. अशा रांगा आपण सांभाळल्या पाहिजेत. त्याची सुरुवात आपल्या घरच्या कार्यापासून करावी. संस्थेच्या कार्यक्रमात भोजनाची रांग एकच असावी. देणगीदारानेही ताट घेऊन त्याच रांगेत उभे राहावे, आणि म्हाताऱ्या माणसांना व लेकुरवाळ्या बायांना आपण होऊन पुढे करावे.

त्या नववीच्या मुलीला मी उत्तर दिले ते असे, “बाई, तुझी वीस मिनिटे तुला न विचारता विकली गेली. तुला जो राग आला तो बरोबर होता. तो राग जपून ठेव, आणि मोठी होऊन एखाद्या खिडकीच्या आत बसलीस, म्हणजे त्याची आठवण ठेव.” आपल्यातली बरीच मुले उद्या बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात खिडकीच्या आत बसणार आहेत. बाहेरच्या रांगेतला शेवटचा माणूस त्यांना दिसावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.