गाडी सुरू होत नाही तेव्हा



काव्यशास्त्रविनोदाच्या या व्यासपीठावर मोटारीचे बोनेट उघडून बसणे काहींना विचित्र वाटेल. पण आमची विद्या ड्रायव्हर-मेकॅनिकांच्या संगतीत झाली, तेव्हा विषय तिथलाच घेतला आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट अकराशे पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. हौसेने जपलेल्या काही गाड्या अजून आहेत आणि त्या सकाळी रुसतातही. अशा वेळी बहुतेक लोक पहिल्याप्रथम नवी बॅटरी आणतात. वस्तू महाग, बदलायला सोपी, आणि काहीतरी केल्याचे समाधान! रोजच्या भाड्यावर गाडी चालवणाऱ्याने उसनवारी करून बॅटरी आणावी आणि दोष निघावा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या भुकटीत, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

म्हणून आधी कानाने ऐकावे. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझू विझू झाले आणि नुसते टक्‌टक् वाजले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल मळले वा सैल झाले आहेत. ते घासून, आवळून पाहायला पैसा लागत नाही. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ मात्र गप्प, तर सेल्फकडे आणि त्याच्या जोडणीकडे वळावे. इंजिन झपाझप फिरते पण पकडत नाही, तर बॅटरीला उगाच शिव्या देऊ नयेत. तिने आपले काम केले आहे. आता प्रश्न दोनच: ठिणगी आहे काय, आणि पेट्रोल येते काय?

ठिणगीची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्यावरून आम्हाला एकदा भांडावे लागले. एका गॅरेजात पोऱ्याने प्लग साफ करून बसवले. संध्याकाळी गाडी बंद पडली. मालक म्हणाले, पोऱ्याने प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या, आणि त्याची आठवड्याची मजुरी कापली. या इंजिनाचा क्रम एक-तीन-चार-दोन. तो चुकला तर गाडी फटफटते हे खरे. आम्ही एवढेच म्हटले, कॉइलवरून डेल्कोकडे जाणारी मधली वायर काढा, तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. (असे करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, आणि वायर लाकडी चिमट्याने धरावी.) निळी ठिणगी चटचट पडायला हवी होती, पडली नाही. जी ठिणगी डेल्कोपर्यंतच पोचत नाही, ती पुढे कोणत्या वायरीने कोणत्या प्लगला जाते हा प्रश्नच उरत नाही. झाकण काढले, तर पॉइंट जळून काळे पडलेले. कंडेन्सर गेला की असे होते. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी इतकी फट ठेवली, आणि गाडी सुरू झाली. मजुरी परत मिळायला मात्र दोन बैठका लागल्या. यंत्र लवकर कबूल होते.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल. कॉइलची मधली वायर काढून ठेवा, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरा, आणि सेल्फ मारा. पंप चांगला असेल तर चिळकांड्या उडतात. पेट्रोल येत असूनही प्लग ओले निघाले, तर चोकचा अतिरेक झाला आहे. चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पुरा दाबून सेल्फ मारावा. वैशाखात घाटात चढलेली गाडी थांबून पुन्हा सुरू होईना, तर नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे सावलीत बसावे. तेवढ्यात चहा होतो.

आणि पावसाळ्यात, वर सांगितलेले काहीही करण्याआधी डेल्कोचे झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावे. ओल धरली की ठिणगी भलत्याच वाटेने पळते. झाकणाला केसाएवढी चीर दिसली, तर पुसून भागणार नाही. नवे झाकणच घ्यावे.